चाळीसपैकी एक

१ जानेवारी, सकाळी ११.१०

आजपासून मी आर्टिस्ट. फुलटाइम. काल पाच वाजता सातपूरच्या कंपनीच्या गेटवर ओळखपत्र जमा केलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. (डबा राहिला होता म्हणून एकदाच.)

सतरा वर्षं पेंट शॉपमध्ये. आठ वर्षं हातात स्प्रे गन, नऊ वर्षं फायनल तपासणी. कंट्रोल पॅनलचे पत्रे. रंग एकच, राखाडी. रंगाचा ओघळ दिसला की लाल शिक्का मारायचा : रिजेक्ट. अशाने माणसातला कलावंत मरतो. माझ्यातला मेला नाही, हे विशेष.

भिमाजी फोरमन गेटपर्यंत सोडायला आले. म्हणाले, बुद्धभूषण, तुझ्यासारखी नजर साऱ्या एमआयडीसीत नाय, केसाएवढा ओघळ सुटत नाय तुला. तुझी जागा मी तीस एप्रिलपर्यंत भरत नाय. डोकं ठिकाणावर आलं तर दोन मेला फर्स्ट शिफ्टला ये. बिचारे. त्यांना खरंच वाटतंय मी येईन.

अंजलीशीही करार झाला. ती पेठकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. सकाळी सहाची एसटी, घरी यायला साडेसात. म्हणाली, चार महिने घ्या. तुमच्या त्या लिमिटेड एडिशनच्या सगळ्या प्रिंट गेल्या तर जन्मभर घरी बसून रंगवा, मी एक शब्द काढणार नाही. एक जरी उरली, तर दोन मेला मी डबा भरून देणार आणि तुम्ही मुकाट्याने जाणार. मी हसून हो म्हटलं. बायकांना कलेच्या मार्केटची कल्पना नसते.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे. उद्यापासून.

६ जानेवारी, दुपारी १२.३०

आत्ता उठलो. काल विचार फार झाला.

हिपहॉपविषयी लिहून ठेवलं पाहिजे, पुढे मुलाखतीत विचारतील. झालं असं की दिवाळीनंतर भाचीचा, चैतालीचा, कार्यक्रम होता. पोरगी एकोणीस वर्षांची, रॅप करते. सातपूरची शिफ्ट, सिटीबस, तिच्या बापाचा कापलेला पगार, सगळं धडाधड येत होतं. मध्ये श्वास अडकला, एक ओळ चुकली, ती चूक तिने पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली, आणि पोरं वेडी झाली. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, हे मला रंगात का येत नाही?

नंतर तिला विचारलं, सिक्रेट काय? म्हणाली, मामा, रॉ राहायचं. चुकलं तर पुसायचं नाही, तेच पुढे न्यायचं.

हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून हॉलमध्ये लावलं. लावताना लेव्हल बॉटल धरली, दोन मिलिमीटर तिरकं होतं. चार वेळा खिळा बदलला. आता एकदम सरळ आहे.

१९ जानेवारी

आर्टिस्टचं नाव ठरलं. मोठे हिपहॉपवाले आपल्या एरियाचा नंबर नावात घालतात, असं चैताली म्हणाली. म्हणून : भूषण ४२२००७. सातपूरचा पिनकोड. वजनदार वाटतं. अंजली म्हणाली, टोकन नंबर वाटतो. दुर्लक्ष केलं.

हुडी आणली, काळी. बीटवर मान हलवत रंगवायची सवय लावतोय. मान आणि ब्रश एकत्र हलले पाहिजेत. सध्या आळीपाळीने हलतात.

२३ जानेवारी

मान लचकली. डॉक्टरांनी पट्टा दिला. विचारलं, काही जड उचललं का? हिपहॉप, म्हटलं. त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. पट्टा दोन आठवडे, बघू म्हणाले.

११ फेब्रुवारी

चित्राचा विषय सापडला. अंजली! संध्याकाळी एसटीतून उतरते तशी. खांद्याला पर्स, हातात छत्री, मागे कंपन्यांची धुराडी. छत्रीच्या जागी मी माइक दिला. डोळ्यांत आग दिली. पाय असे फाकवून उभी, जणू स्टेजवर.

तिला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, पर्स माझी आहे.

चित्र उत्तम झालंय. एकही रेघ इकडची तिकडे नाही.

२६ फेब्रुवारी

आता एडिशन. इथे नियम समजून घेतले पाहिजेत, कारण हेच माझं वेगळेपण. लिमिटेड एडिशन म्हणजे ठरवून मोजक्याच प्रिंट काढायच्या. प्रत्येकीखाली पेन्सिलने कितवी आणि एकूण किती ते लिहायचं, शेजारी सही. आणि छापून झालं की छापायची जाळी, म्हणजे ती स्क्रीन, कायमची फाडून टाकायची. पुन्हा निघणे नाही! हा शेवटचा नियम वाचून मी हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या.

शंभर जाहीर केल्या. इन्स्टावर. तेरा लाइक, त्यातला एक भिमाजी फोरमनचा.

सातपूरलाच देवरामचा गाळा आहे. स्क्रीन प्रिंटिंग करतो, मशीनचे स्टिकर, 'सावधान ४४० व्होल्ट' वगैरे. त्याने त्याची स्क्रीन, त्याचं टेबल वापरू द्यायचं कबूल केलं. म्हणाला, पण शंभर नाय जमणार, माझ्या दोरीवर चाळीसच वाळतात. मी क्षणभर विचार केला. चाळीस! म्हणजे अडीचपट दुर्मीळ. दोरीने माझी किंमत वाढवली.

९ मार्च

छापलं! चाळीसच्या चाळीस. स्वतःच्या हाताने.

देवराम मध्ये मध्ये नाक खुपसत होता. म्हणाला, शाईत एवढं थिनर नसतं घालत, ही स्प्रे गन हाय का? मी म्हटलं, सतरा वर्षं थिनर घालतोय, मला शिकवू नका. प्रिंट क्लिपने दोरीवर टांगल्या आणि जेवायला गेलो.

परत येऊन आधी महत्त्वाचं काम : स्क्रीन नष्ट करण्याचा सोहळा. मोबाइल स्टूलवर, लाइव्ह. चौघे बघत होते. चैतालीचं गाणं लावलं, मान हलवली (पट्टा अजून सुटला नव्हता, जेवढी हलली तेवढी), आणि कटरने जाळी टराटरा फाडली. फार मोठं वाटलं.

देवराम धावत आला. त्याच फ्रेमवर उद्या त्याचं 'सावधान'चं काम होतं. तो काय काय म्हणाला ते लिहीत नाही. चौघांनी ऐकलं.

मग प्रिंट पाहिल्या. तेवीस जणींना ओघळ आलेत. शाई टांगल्या टांगल्या खाली उतरली. कुठे डोळ्याखालून, कुठे पर्सच्या पट्ट्यावरून, कुठे पूर्ण चेहराच वितळल्यासारखा.

हुडीच्या खिशात हात घातला तर कंपनीचा लाल शिक्का निघाला. कसा आला कोण जाणे. तेवीस शिक्के मारले. रिजेक्ट, रिजेक्ट. मनगटाला तीच जुनी लय. मन शांत झालं.

एडिशन आता सतराची. चाळीसपेक्षा कितीतरी उच्चभ्रू.

१० मार्च

सतराही प्रिंटवर नंबर घातले. एक भागिले सतरा, दोन भागिले सतरा, असे. सही केली. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चौथीच्या कोपऱ्यात धुळीचा कण दिसला. रिजेक्ट. मग लक्षात आलं, उरल्या सोळा आणि सगळ्यांवर लिहिलंय सतरा. खोटं कसं चालेल? अंजलीच्या पर्समधलं खोडरबर घेतलं आणि सोळांचे सतरा खोडून सोळा केले.

११ मार्च

खोडरबर गुलाबी होतं. पाच प्रिंटना गुलाबी डाग. रिजेक्ट. उरल्या अकरा. अकरांवर लिहिलंय सोळा.

१२ मार्च

पांढरं खोडरबर आणलं. सोळाचे अकरा केले. त्याच त्याच जागी खोडून चार ठिकाणी कागद सोलवटला. उरल्या सात. सातांवर लिहिलंय अकरा.

अंजली म्हणाली, किती ते शेवटी लिहा ना. हे तिला दोन दिवसांपूर्वी सुचायला हवं होतं.

१५ मार्च, रात्री ८

आज पहिल्यांदाच लवकर उठलो, सकाळी सातला. सात प्रिंट गच्चीवर नेऊन उन्हात तपासल्या. उन्हात सगळं दिसतं. कंपनीतही मी असंच करायचो, भिमाजी कौतुकाने बघायचे.

एक उरली. निर्दोष. अंजली ताठ उभी, गालावर एक ठिपका नाही.

खाली लिहिलं : १/१. सही, भूषण ४२२००७.

अंजली शाळेतून आल्यावर पर्स ठेवता ठेवता म्हणाली, एकच असेल तर त्याला चित्रच म्हणतात ना? उलट करार आठवून मी खूश आहे. सगळ्या प्रिंट विकल्या गेल्या पाहिजेत, असं ठरलंय. सगळ्या म्हणजे आता एक. एक प्रिंट विकायची आणि जन्मभर आर्टिस्ट! चाळीस विकण्यापेक्षा चाळीसपट सोपं. हे मी आधीच का नाही केलं?

२ एप्रिल

चैताली आली होती. जयंतीच्या आठवड्यात तिच्या ग्रुपचा कार्यक्रम आहे, सातपूर कॉलनीतल्या हॉलमध्ये. म्हणाली, मामा, तुझी प्रिंट तिथे लाव. पुण्याहून गॅलरीवाल्या एक बाई येणार आहेत.

देव पावला म्हणणार होतो, आमच्यात म्हणत नाहीत. पण पावलं काहीतरी.

मग तिने दिवाणाखालचा रिजेक्टचा गठ्ठा पाहिला. एकेक काढून बघत बसली. शेवटी म्हणाली, हे स्टेजच्या मागे भिंतीला लावू का? मी म्हटलं, लाव, भिंतीचे पोपडे झाकतील. पण एका अटीवर, माझं नाव कुठेही यायला नको. माझी इज्जत आहे.

नेताना तिने मोजले. अडतीस. एकोणचाळीस हवे होते. असो, कचऱ्याचा हिशेब कोण ठेवतो.

१२ एप्रिल, रात्री, हॉलमधून आल्यावर

सविस्तर लिहितो.

माझी १/१ काचेच्या फ्रेममध्ये, दाराशी, स्टँडवर. वर टेबललॅम्प. पुढे अंजलीची कपडे वाळत घालायची दोरी बांधली, लोकांनी फार जवळ येऊ नये म्हणून. मी शेजारी उभा, हुडीत. उकाडा मरणाचा. मान पुन्हा धरली होती म्हणून पट्टाही.

लोक जवळ आलेच नाहीत. एका गृहस्थाने विचारलं, बुकिंग चालू झालं का आणि वन बीएचके आहे का. एका बाईने विचारलं, बाथरूम कुठे आहे. तीन पोरांनी पट्टा कुठून घेतला विचारलं, त्यांना तो फॅशन वाटला.

आणि स्टेजच्या मागे माझे अडतीस रिजेक्ट. वर पिवळा लाइट. चैताली पुढे उभी राहून तडातडा बोलतेय, बसस्टॉप, पाय सुजलेल्या बाया, रिकामे डबे, आणि तिच्या मागे अडतीस अंजली. बहुतेक ओघळलेल्या, बाकीच्या डागाळलेल्या, सोलवटलेल्या. डोळ्याखाली काळं उतरलेलं, पर्सचा पट्टा खांद्यातून खाली सरकलेला, कोणाचा माइक वितळून पुन्हा छत्री झालेला. प्रत्येकीच्या अंगावर लाल शिक्का : रिजेक्ट. लोक गाणं ऐकता ऐकता बघायचे, बघता बघता पुढे सरकायचे. माझ्या शेजारची एक म्हातारी रडत होती. मला वाटलं तिच्या डोळ्यांत काही गेलं.

कार्यक्रम संपला आणि पोरांनी भिंतीवर धाड घातली. दहा मिनिटांत अडतीस गेले! कोणी छातीशी धरून नेतंय, कोणी मोटारसायकलवर मागच्याच्या हातात देतंय. पुण्याच्या बाईंना एकच मिळाला. त्या चैतालीला विचारत होत्या, कोणी केलंय हे? ही बाई दिवसभर राबून उतरलीय, आणि वर जगाचा शिक्का, किती धाडस आहे यात! चैतालीने शब्द पाळला. तोंड बंद ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

मी दोरी ओलांडली. (पायात अडकली.) म्हटलं, माझं आहे. सगळं मुद्दाम केलंय.

बाई म्हणाल्या, अशाच वीस द्या. तीस एप्रिलला मी पुन्हा नाशिकला येतेय. सगळ्याच्या सगळ्या ठेवून घेते.

सगळ्याच्या सगळ्या! अंजलीचेच शब्द. ऐकलंस का, म्हटलं तिला. ती हॉलच्या मागच्या खुर्चीत बसली होती, ऐकलं म्हणाली.

१३ एप्रिल

आज विचार केला असता लक्षात येतं की ओघळ ही माझी पहिल्यापासूनच शैली होती. शिक्का ही तर सामाजिक टीका. हात हे आधी करतो, डोक्याला नंतर कळतं. थोरांचं असंच असतं.

एक छोटी अडचण. स्क्रीन फाडलीय.

१७ एप्रिल

देवरामच्या पाया पडलो. नवी जाळी लावून दिली, परवापासून गाळा सकाळचा माझा. म्हणाला, शिस्तीत काम करा यावेळी. शिस्त नकोय, म्हटलं, ओघळ पाहिजे. तो बायकोला आत हाक मारून म्हणाला, जरा बाहेर ये, हे बघ काय म्हणतायत.

१९ एप्रिल

थिनर दुप्पट घातलं, एक प्रिंट काढली. टांगली. शाई सरकायला लागली. सुंदर ओघळ निघाला, डोळ्याच्या कडेपासून गालावर आला, आणि मी बघतो तर तो नाही. माझ्या हातात फडकं. पुसला होता मी. कधी पुसला, आठवत नाही.

फडकं खिडकीतून फेकलं.

२० एप्रिल

बाहीने पुसला.

२१ एप्रिल

बाह्या कापल्या. हात मागे बांधून उभा राहिलो, देवरामने सुतळी आवळली. ओघळ आला, जाड झाला, हनुवटीपर्यंत पोचला. मला घाम फुटला. हा पत्रा असता तर, असं वाटून जीव कासावीस झाला. शेवटी कपाळाने पुसला. कपाळ अजून काळं आहे.

चैतालीला फोन केला. म्हणाली, मामा, तू बघूच नको ना. टांग आणि निघून जा, त्या दिवशी गेलास तसा. बरोबर आहे तिचं. पण त्या दिवशी मला माहीत नव्हतं.

२५ एप्रिल

टांगून निघून गेलो. कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत. चहा सांगितला आणि न पिता पळत आलो. वेळेत पोचलो. सगळे पुसता आले.

२८ एप्रिल

मार्ग सापडला! ओघळ आपोआप कशाला यायला पाहिजेत? ब्रशने काढायचे. पट्टी लावून आखून घेतले. प्रत्येक प्रिंटला सहा ओघळ, प्रत्येक सव्वा इंच, दोन ओघळांत अंतर समान. शिक्काही चौकट आखून बरोबर मध्यभागी. वीसच्या वीस पास. एकही रिजेक्ट नाही! आयुष्यात इतकं नीट काम झालं नव्हतं. नंबर घातले. भागिले वीस, शेवटपर्यंत वीस.

अंजलीला सांगितलं, दोन मेचा डबा विसर. ती इस्त्री करत होती. माझा युनिफॉर्म होता तो. सवय म्हणून करत असेल.

३० एप्रिल, सायंकाळी ६

बाई आल्या. वीस प्रिंट जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या. त्या ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, पुन्हा परत आल्या. मग विचारलं, ह्या मशीनने काढल्यात का?

मी म्हटलं, नाही, हाताने. जरा अभिमानानेच म्हटलं.

त्या म्हणाल्या, अच्छा. पाणी प्यायल्या. त्यांना पुण्याला वेळेत पोचायचं होतं.

वीस उरल्या. एकवीस, ती १/१ धरून.

१ मे

सुट्टी. युनिफॉर्म घ्यायला अंजलीचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, साड्यांसमोर, चिकटपट्टीने लावलेली एक प्रिंट. एकोणचाळिसावी. डोळ्याखालून ओघळ थेट हनुवटीपर्यंत. लाल शिक्का तिरका, पर्सवर.

हे कशाला, विचारलं. म्हणाली, ही एकच माझ्यासारखी आहे. काचेतल्या त्या बाईला मी ओळखत नाही. मग परकरांच्या घड्या घालत म्हणाली, मी उतरते तेव्हा किती दमलेली असते, हे तुम्हाला दिसलं होतं. मला वाटलं नव्हतं कधी दिसेल. तेवढं पुरे झालं मला.

मला दिसलं नव्हतं. थिनर जास्त पडलं होतं.

हे तिला सांगितलं नाही. कपाट हळूच लावून घेतलं.

२ मे

डबा. मेथीची भाजी, तीन पोळ्या. साडेपाचला आम्ही बरोबरच निघालो. ती एसटीला, मी कंपनीत. पहिल्यांदाच नीट पाहिलं, सकाळीही दमलेलीच असते.

भिमाजी म्हणाले, आलास? कार्ड तयार होतं. मानेच्या पट्ट्याबद्दल कोणी विचारलं नाही.

दुपारी एक पत्रा आला. राखाडी. डाव्या कोपऱ्यात ओघळ. बारीक, मध्येच थबकलेला, मग खाली उतरलेला. कोणीतरी नवीन पोरगा गनवर असावा. मी शिक्का उचलला. मग ठेवला. पाच मिनिटं तरी बघत होतो. फडक्याला हात लावला नाही. खिशातली पेन्सिल काढली, ओघळाखाली बारीक अक्षरात लिहिलं १/१, आणि पत्रा पास केला.

साडेतीनला तो परत आला. भिमाजी म्हणाले, ओघळाचं मागाहून बोलू, आधी सांग, पत्र्यावर गिरगटलंय कोणी? नव्या पोराने असेल, म्हटलं.

थिनरने पेन्सिल पुसली. मग लाल शिक्का मारला. एकदम सरळ बसला.